बेडूकवाले काका

आज सकाळी दूधवाल्याने फाटकातूनच हाक मारली, "ओ बेडूकवाले काका, पातेलं आणा!" जळगावात तीस वर्षं मास्तरकी केली. या दूधवाल्यालाही पाढे मीच शिकवले. मापात तो अजून चुकतो, ते जाऊ द्या.

बेडूक माझे नाहीत, भाच्याचे. "मामा, महिनाभरच" म्हणून काचेची पेटी ठेवली आणि पुण्याला पळाला. जात व्हाइट्स ट्री फ्रॉग, मूळ ऑस्ट्रेलियाची. यातला व्हाइट म्हणजे पांढरा नव्हे. १७९० साली ज्याने या बेडकाचं वर्णन छापलं तो जॉन व्हाइट नावाचा सर्जन. टिकवायच्या द्रावणात नमुन्याच्या कातडीचा पिवळेपणा उडाला, बेडूक निळा दिसला, म्हणून लॅटिन नावात निळा. प्रत्यक्षात हिरवागार. ज्याचा रंग ठरवताना विद्वानांची ही गत झाली, तो नर की मादी हे मी सांगायचं!

कारण आमची ही. मादी शेकड्यांनी अंडी घालते, हे मी जेवताना बोलून गेलो. त्या दिवसापासून ती पेटीकडे बघत झोपते. भाच्याला फोन लावला. "नर लहानखुरा असतो मामा. गळ्याची कातडी करडी आणि सैल. विणीच्या दिवसांत अंगठ्यावर खरखरीत गादी येते. पण वर्षाच्या आतले असतील तर काही खरं नाही." वय किती? "ते दुकानदाराला विचारावं लागेल."

शेवटी ओल्या फडक्यात, भोकं पाडलेल्या डब्यात दोघांना घालून जनावरांच्या दवाखान्यात गेलो. पुढे म्हैस, मागे बकरीवाले एक आबा. म्हशीच्या मागे उभं राहण्यातले धोके पुन्हा कधीतरी.

"भाऊ, डब्बामा काय शे?"

"बेडूक."

"आजारी शे का?"

"नाही. नर की मादी, ते विचारायचंय."

आबांनी बकरीची दोरी शेजारच्या माणसाच्या हातात दिली. आता निवांत बोलता येणार होतं.

"दूध देस का?"

"नाही."

"मंग नर राहो का मादी, तुमनं काय अडनं?"

या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. मग किंमत विचारली. मी मूर्खासारखी खरी सांगितली. आबांनी बोटं मोजली. "इतला पैसामा दोन बकऱ्या येतीन!" सगळी रांग वळली. मग त्यांनी झाकण उघडायला लावलं, एकाला निरखून पाहिलं आणि जाहीर केलं, "हाऊ नर शे. गळा देखा कसा लोंबस. तुमना सारखा."

लोक हसले. मीही हसलो, पण हात गळ्याकडे गेलाच. साठीनंतर कातडी सुटते हो. त्यावर टोमणा मारायला दवाखान्याची रांग कशाला लागते?

एवढ्यावर भागलं नाही. मृग कोरडा गेलेला, आर्द्राही तशीच चाललेली, कापसाची पेरणी अडलेली. आबांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. "आत्ते समजनं! बेडूक डब्बामा कोंडी ठेवेल शेतस, मंग पानी कसं पडी?" एक जण म्हणाला, धोंड्यासाठी द्या आम्हाला, लिंबाच्या पाल्यात बांधून गावातून फिरवतो. दुसरा नुसताच रागाने बघत होता. त्याचा राग खरा होता, म्हणून जास्त लागला. तीन एकर नांगरून आभाळाकडे बघत बसलेल्या माणसाला ऑस्ट्रेलियाचा सर्जन काय समजावणार?

डॉक्टरांनी डब्यात डोकावून, "सर, मी गाई-म्हशींचा," एवढंच सांगितलं. केसपेपरवर जनावर: इतर. लिंगाची जागा कोरी. पैसे मात्र पूर्ण घेतले. आणि कंपाउंडर बाहेर येऊन ओरडला, "बेडूकवाले काका, सुटे द्या!" रांगेत आमचा दूधवालाही होता, हे मला नंतर कळलं.

काल संध्याकाळी हिने ठेच्यासाठी मिक्सर लावला आणि पेटीतून क्रॉक, क्रॉक सुरू. यांचे नर यंत्राच्या आवाजालाही साद देतात म्हणे. बोलला तो आबांनी दाखवलेलाच. दुसरा गप्प. ती मादी असेल, नाहीतर वयात न आलेला नर.

पण डरकाळी भिंतीपलीकडे गेली. शेजारच्या वहिनींनी पाऊस आला समजून गच्चीवरचे ओलसर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, भराभर गोळा करून डब्यात कोंबले. थेंबही पडला नाही. बिबड्यांचा एकच गोळा झाला. तो त्यांनी रात्री आमच्याकडे पाठवून दिला, बेडकांसाठी.