पहिले पुस्तक: शुद्धलेखन दुसऱ्याला सोपवता येते, भाषेचे निर्णय नाही

पहिले पुस्तक लिहायला घेतलेल्या माणसांकडून एक प्रश्न हमखास येतो. व्याकरणाकडे, शुद्धलेखनाकडे आणि एकूण लेखनातल्या सारखेपणाकडे सुरुवातीपासून लक्ष द्यावे का, की आधी मनातले सगळे उतरवून काढावे आणि बाकीचे प्रकाशकावर सोपवावे? या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरे मिळतात. ज्याला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही त्याने लिहिण्याच्या फंदात पडू नये, असे काही जण सांगतात. आशय महत्त्वाचा, भावना पोहोचल्या म्हणजे झाले, असे इतर काही सांगतात. मला ही दोन्ही उत्तरे नवोदित लेखकाचे नुकसान करणारी वाटतात, कारण शुद्धलेखन, व्याकरण आणि शैलीतील एकसूत्रता या तीन निरनिराळ्या गोष्टी त्यांत एकाच गाठोड्यात बांधल्या जातात. पहिली गोष्ट बरीचशी दुसऱ्याकडून करून घेता येते, दुसरी काही प्रमाणात घेता येते आणि तिसरी मात्र लेखकाखेरीज कोणालाही करता येत नाही. गंमत नव्हे तर खेदाची बाब अशी की नवे लेखक सर्वांत जास्त धास्ती पहिलीची घेतात आणि तिसरीचा विचार बहुधा करतच नाहीत.

शुद्धलेखनाविषयी आधी लिहितो. आज आपण ज्यांना शुद्धलेखनाचे नियम म्हणतो, ते भाषेच्या जन्माबरोबर आलेले नाहीत. मोडी लिपीत कित्येक शतके सगळा कारभार चालला, आणि त्या लिखाणात इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नव्हता, शब्द तोडून लिहिण्याची रीतही नव्हती. विरामचिन्हे मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, इंग्रज अधिकारी आणि कोशकार मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीने. मराठी साहित्य महामंडळाच्या १४ नियमांना महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्यता दिली, १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली, आणि या नियमांमुळे ‘नांव’, ‘पांच’, ‘घरें’ यांसारख्या शब्दांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधी छापलेले कोणतेही जुने पुस्तक उघडले तर पानोपानी हे अनुस्वार दिसतात, आणि त्या पुस्तकांचे लेखक अशुद्ध लिहीत होते असे कोणी म्हणणार नाही. खुद्द नियमावलीतच अशी तरतूद आहे की केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य छापताना ते मुळाबरहुकूम छापावे. थोडक्यात, शुद्धलेखन हा एका काळातल्या लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी आपसांत केलेला करार आहे. तो पाळावा, कारण वाचकाचा डोळा त्याला सरावलेला असतो आणि ‘दिन’च्या जागी ‘दीन’ किंवा ‘सूत’च्या जागी ‘सुत’ पडले की अर्थच बदलतो. पण हा करार ज्याला तोंडपाठ नाही, ज्याच्या घरची बोली वेगळी आहे किंवा ज्याचे शिक्षण दुसऱ्या माध्यमातून झाले आहे, त्याने पुस्तक लिहू नये असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. जाणकार मुद्रितशोधक, म्हणजे प्रुफे तपासणारा, हे काम लेखकापेक्षा चांगले करतो. त्याचे ते कामच आहे, आणि त्याचा योग्य मोबदला देऊन ते करून घेण्यात लेखकाला कमीपणा येत नाही.

व्याकरणाचे तसे नाही. इथे व्याकरण म्हणजे वाक्यातल्या शब्दांचे एकमेकांशी असलेले नाते, एवढाच अर्थ मला अभिप्रेत आहे. ‘मुलाने आईला रडताना पाहिले’ हे वाक्य घ्या. त्यात एकही अक्षर चुकलेले नाही, शुद्धलेखनाच्या कोणत्याही नियमाला ते अडत नाही; पण रडत कोण होते, मुलगा की आई? लेखकाच्या डोळ्यांसमोर तो प्रसंग उभा असल्यामुळे त्याला या वाक्यात दोन अर्थ दिसतच नाहीत, आणि मुद्रितशोधकाला प्रसंग ठाऊक नसल्यामुळे तो ते दुरुस्त करू शकत नाही. ‘मोहनने वसंताला त्याच्या घरी नेले’ या वाक्याचेही तेच. घर मोहनचे असेल तर ‘आपल्या घरी’ म्हणण्याची सोय मराठीने करून ठेवली आहे आणि ती वापरली की शंका उरत नाही; घर तिसऱ्याच कोणाचे असेल तर नाव घालण्यावाचून गत्यंतर नाही. नव्या लेखकांच्या संहिता वाचताना मला अशी वाक्ये फार अडवतात. एखाद्या वेलांटीच्या चुकीवरून वाचक सहज पुढे जातो, पण कोण कोणाला म्हणाले हे शोधण्यासाठी त्याला दोनतीनदा मागे वळावे लागले की कथेवरची त्याची पकड सुटते, आणि ती त्याने स्वतःहून पुन्हा घट्ट धरावी अशी अपेक्षा लेखकाला करता येत नाही. चांगला संपादक अशी वाक्ये हेरून प्रश्न विचारतो. मात्र संपादक आणि मुद्रितशोधक ही दोन वेगळी माणसे आहेत हे लक्षात ठेवावे लागते, आणि स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणाऱ्याला संपादक बहुधा मिळतच नाही.

आता मला जे मुख्यतः सांगायचे आहे त्याकडे येतो. मराठीत लिहिणाऱ्याला पहिल्याच पानावर एक निवड करावी लागते, ती त्याने जाणीवपूर्वक केली नाही तरी ती होतेच: निवेदन ‘केले, पाहिले, रिकामे होते’ असे लिहायचे की ‘केलं, पाहिलं, रिकामं होतं’ असे. दोन्ही पद्धतींनी उत्तम गद्य लिहिले गेले आहे आणि यातली एक श्रेष्ठ, दुसरी कनिष्ठ असे मी मानत नाही. पण पहिल्या पद्धतीत निवेदक वाचकापासून किंचित अंतरावर उभा असतो आणि दुसरीत तो वाचकाच्या शेजारी बसून बोलत असतो. समजा, एखाद्या कादंबरीत पहिली पद्धत चाळीस पाने कसोशीने पाळली आहे आणि मग हा मजकूर येतो: ‘ती दारात थांबली. तिने आत पाहिले. कपाट उघडं होतं. त्यातलं सगळं सामान गेलं होतं.’ तिसऱ्या वाक्यापाशी आपण निवेदकाला सोडून तिच्या नजरेत शिरतो. ‘तिला धक्का बसला’ असे लिहावे लागत नाही. दोन अनुस्वारांनी ते काम केलेले असते. वाचकाला यातले काही उकलून सांगता येणार नाही, तरी त्याला ते जाणवते. आता हाच मजकूर अशा पुस्तकात आहे असे समजा, ज्यात पहिल्या पानापासून ‘केले’ आणि ‘केलं’ मनाला येईल तसे एकमेकांत मिसळलेले आहेत. तिथे या बदलातून काहीच घडत नाही, कारण बदल उमटायला त्याच्यामागे काहीतरी स्थिर असावे लागते.

संबोधनांचे उदाहरण तर याहूनही ठळक आहे. शंभर पाने नवऱ्याला ‘तुम्ही’ म्हणणारी बायको एका भांडणात त्याला ‘तू’ म्हणते, ही मराठी कादंबरीत मोठी घटना होऊ शकते. ती ज्या भाषेत घडते त्या भाषेबाहेर नेली तर तिचा जोर निम्मा होतो, इतकी ती आपल्या भाषेच्या घडणीत रुजलेली आहे. परंतु लेखकाच्या दुर्लक्षामुळे हीच बायको आधीच्या प्रकरणांत कधी ‘तुम्ही याल ना’ तर कधी ‘तू येशील ना’ म्हणून गेली असेल, तर ती घटना लेखकाने आपल्या हातांनी पुसून टाकली आहे. हे नुकसान कोणताही मुद्रितशोधक भरून काढू शकत नाही; तो फार तर सगळीकडे ‘तुम्ही’ करून टाकील आणि त्यात नेमका भांडणातला ‘तू’ही जाईल.

ललितेतर पुस्तकांत प्रश्न वेगळा असतो. शाळेत निबंध लिहिताना तोच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये असे आपल्याला शिकवलेले असते, आणि माहितीपर पुस्तकात ती सवय घातक ठरते. एका प्रकरणात ‘बचत गट’ आणि पुढच्या प्रकरणात ‘स्वयंसहाय्य गट’ असे लिहिले, तर विषयाशी परिचय नसलेला वाचक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे समजून चालतो. संज्ञा एकदा ठरवली की ती शेवटपर्यंत तीच ठेवावी.

लिहिण्यासाठी व्याकरण यावेच लागते का, या मुद्द्यावर बहिणाबाई चौधरींचे नाव घेतले जाते आणि ते घेतले जावे हे योग्यच आहे. १८८० ते १९५१ असे आयुष्य जगलेल्या या कवयित्रीला लिहिता-वाचता येत नव्हते. घरच्यांनी त्यांच्या ओव्या उतरवून ठेवल्या आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, त्या पुस्तकरूपाने आल्या. त्यांना कुठे व्याकरण येत होते, असा प्रश्न यावर विचारला जातो. मला वाटते त्यांना ते पुरेपूर येत होते. त्यांना लेखन येत नव्हते. खानदेशातल्या त्यांच्या बोलीला स्वतःची क्रियारूपे आहेत, स्वतःचे प्रत्यय आहेत, आणि त्या रचनांत ती बोली कुठेही डळमळत नाही. अर्धी ओळ बोलीत आणि अर्धी पुस्तकी, असा प्रकार तिथे आढळत नाही. बोलीत लिहू पाहणाऱ्या प्रत्येक नव्या लेखकाला माझे हेच सांगणे आहे. बोलीत अवश्य लिहा, पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहिण्याची मुभा महामंडळाच्या नियमांनीही दिलेली आहे. पण आजीच्या तोंडी एका पानावर ‘व्हतं’ असेल तर दहा पानांनी ‘होतं’ येऊ देऊ नका, नाहीतर ती आजी बोलत नसून लेखक तिची नक्कल करतो आहे असे वाटू लागते.

मग हे सगळे पहिल्या खर्ड्यापासून पाळायचे का? मुळीच नाही. पहिल्या खर्ड्यात प्रत्येक अनुस्वारापाशी थांबणारा माणूस तिसऱ्या प्रकरणाच्या पुढे जात नाही, असे मी अनेकदा पाहिले आहे. शिवाय पुस्तकाचा सूर कोणता हे लेखकालाही बऱ्याचदा अर्धे पुस्तक लिहून झाल्यावरच उमगते. तेव्हा आधी लिहून काढावे, काही दिवस बाजूला ठेवावे आणि मग वाचताना एका कोऱ्या पानावर निर्णय टिपत जावे: निवेदनाची रूपे कोणती, काळ कोणता, कोण कोणाला कसे संबोधते, कोणत्या पात्राची बोली कोणती आणि तिची ठळक रूपे काय, आकडे अंकांत की अक्षरांत, गावांची आणि माणसांची नावे नेमकी कशी. असे एक पान तयार झाले की दुसरा खर्डा त्याच्याशी ताडून पाहता येतो, आणि मोठ्याने वाचत ताडला तर डोळ्यांना न दिसलेले बरेच काही कानाला खटकते.

संगणकाच्या भरवशावर मात्र राहू नये. मराठीसाठी शुद्धलेखन तपासण्याची साधने अजून तोकडी आहेत, आणि उच्चारानुसारी कळफलक ‘आणी’, ‘किवा’ अशी रूपे बेलाशक पुढे करतात. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरे सारखीच साठवणाऱ्या आजच्या पद्धतीत, आणताना रफार आणि जोडाक्षरे बिघडतात, म्हणून असे रूपांतर केल्यावर सगळी संहिता पुन्हा वाचणे अटळ असते. आणखी एक अडचण फार थोड्यांना ठाऊक असते: ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ्या युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना एकाला दुसरा सापडत नाही, त्यामुळे सगळीकडचा शब्द बदलला असे वाटते आणि काही जागी तो तसाच राहून जातो.

निर्णयांचे ते पान संहितेसोबत प्रकाशकाकडे किंवा मुद्रितशोधकाकडे पाठवावे. हे फार कमी लेखक करतात, आणि मग आपली बोलीतली वाक्ये कोणीतरी ‘सुधारून’ प्रमाण मराठीत आणली म्हणून प्रुफे हातात आल्यावर व्यथित होतात. पण ती मुद्दाम तशी लिहिली आहेत हे मुद्रितशोधकाला कळण्याचा मार्ग त्यांनीच ठेवलेला नसतो. आणि हे पान लिहिताना निवेदनाच्या ओळीपुढे काय लिहावे हेच ठरत नसेल, तर ती अडचण कोणत्याही नियमावलीने सुटणारी नाही. पुस्तक कोण सांगतो आहे हेच अजून ठरायचे आहे, असा त्याचा अर्थ होतो, आणि तोवर संहिता कोणाकडे पाठवण्याची घाई करू नये.