बकरी कुणाची होती?

आमच्या ताताला, म्हणजे आजोबाला, सोलापुरात येऊन शंभर वर्षं होत आली, पण तो आला कसा याबद्दल घरात अजून एकमत नाही. थोरली अत्ता, म्हणजे आत्या, म्हणते, करीमनगरकडून चालत आला, डोक्यावर मागाची फणी घेऊन. धाकटे काका म्हणतात, रेल्वेनं आला, तेही बिनतिकीट. वाडी जंक्शनहून हैदराबादकडं रूळ १८७४ सालीच पडले होते, तेव्हा थोडा चालत आणि थोडा रेल्वेनं आला असेल, असं मी मध्ये पडून सांगतो. मग दोघंही माझ्यावर चिडतात. तोडगा कुणालाच नको असतो.

अशा घरात माझी भाची न्यू जर्सीहून आली आणि म्हणाली, "मामा, मला आपल्या स्थलांतरावर डान्स करायचाय. कंटेम्पररी."

आम्ही पद्मशाली. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी, आणि निजामाच्या मुलखातून मागावर पोट भरायला आलेले. सोलापूरच्या पूर्व भागात घरटी हीच गोष्ट. पण त्यावर नाचायचं कुणाला सुचलं नव्हतं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथाच्या मिरवणुकीत पोरं नाचतात, पण ती स्थलांतरावर नाही, डीजेवर नाचतात.

भाचीला कारण हवं होतं. ताताने गाव का सोडलं? तिच्या वहीत उत्तरं आधीच लिहिलेली होती: दुष्काळ, सावकार, गिरणीच्या कापडानं मोडलेला हातमाग. यातलं काही खोटं नाही. १८७६ ते ७८ चा दुष्काळ भयंकरच होता, आणि आपली जुनी मिल त्याच सुमाराची. हातमाग मोडणाऱ्या गिरण्यांच्या गावातच विणकर पोट भरायला आले, हे मलाही नाचण्याजोगं वाटतं. पण भाचीनं अत्ताला विचारलं.

"बकरीवरनं," अत्ता म्हणाली.

"बकरी?"

"भावाशी भांडण झालं. बकरी ताताची होती, भावानं विकली."

"भावाचीच होती," काका आतून ओरडले. "ताताने विकली!"

भाचीचं पेन थांबलं. पैसे मिळावेत म्हणून तिनं जो अर्ज केला होता, त्यात बकरीचा रकाना नव्हता. त्याच अर्जात तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, अमेरिकेला जाण्याचं कारण 'जागतिक श्रमबाजार' असं दिलेलं होतं. खरं कारण सासरच्या फ्लॅटचा हिस्सा हे मला ठाऊक आहे, पण मी गप्प बसलो. नातं टिकवायचं तर इतिहासकारानं काही कागद कपाटातच ठेवावेत.

मग तालमी सुरू झाल्या, त्याही आमच्याच हॉलमध्ये, सोफा अंगणात काढून. माणसाच्या शरीरात आठवणी साठलेल्या असतात, असं भाचीचं म्हणणं. अत्ताच्या शरीरात संधिवात साठलाय, असं डॉक्टरांचं. अत्तानं उभा जन्म विड्या वळल्या. भाची तिला म्हणाली, पान नको, तंबाखू नको, नुसत्या हातांनी वळून दाखव. अत्तानं मांडीवर नसलेलं सूप सारखं केलं आणि तिचे हात सुटले. पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, गुंडाळायचं, टोक आत दुमडायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे, सगळं हवेत. थोड्या वेळानं मला तेंदूचा वास यायला लागला. भाचीचे डोळे भरून आले.

"अव्वा, हेच पाहिजे! फक्त जरा स्लो."

"स्लो केलं तर हजार कधी होणार?" हात न थांबवता अत्ता म्हणाली. मग तिनं विचारलं, विडीची मजुरी हजारावर असते, नाचाची कशावर? आणि नापास किती काढणार? न्यू जर्सीत शिकलेल्या पोरीला यातल्या एकाचंही उत्तर देता आलं नाही.

माझ्यावरची पाळी नंतर आली. भाचीनं मोबाइलवर अक्रम खानचं 'देश' दाखवलं. हा लंडनमध्ये वाढलेला, बांगलादेशी आईबापाचा मुलगा. कथक शिकला आणि तिथून समकालीन नृत्यात गेला. २०११ च्या या नृत्यात तो रंगमंचावर एकटाच असतो. आपल्या तुळतुळीत डोक्यावर चेहरा काढतो, मान खाली घालतो, आणि टाळूवर बाप हजर होतो. खरं सांगतो, काटा आला अंगावर. बघून झाल्यावर भाचीनं सावकाश माझ्या टाळूकडं पाहिलं.

"ही नक्कल होईल," मी घाईनं म्हणालो.

"शोमध्ये नाही रे मामा. फक्त तालमीत, मला ताता फील व्हावा म्हणून."

तिनं वापरला तो टॉवेलच्या गठ्ठ्यांवर नंबर टाकायचा मार्कर. ती शाई पाऊस, ट्रक आणि गोदाम सोसण्यासाठी केलेली असते. ती साबणाला काय दाद देणार? वर काका म्हणाले नाक चुकलं, आणि अत्ता म्हणाली नाक बरोबर आहे, मिशा चुकल्या. ताताचा आमच्याकडं एकच फोटो आहे. त्यातला कोटसुद्धा स्टुडिओवाल्यानं मागाहून रंगवलेला, तेव्हा नाकही त्याच्याच पदरचं असेल, असं मी म्हणालो. त्या रात्री मला कुणी वाढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार. देवळात टोपी काढली, ओंजळ पुढं करून वाकलो. पुजाऱ्यांनी मला तीर्थ दिलं, क्षणभर थांबले, आणि आणखी एक पळी दिली.

प्रयोग हुतात्मा स्मृती मंदिरात होता. नातेवाईकच इतके जमले की तिकीट काढून आलेल्या चार लोकांना आम्ही अत्तर लावून घरचंच करून टाकलं. पडदा उघडला. भाची पडली. उठली, पुन्हा पडली. समकालीन नृत्यात पडणं फार असतं, हे मी काकांना आधी सांगायला हवं होतं. "चक्कर आली का बे तिला? जेवली नाही का?" ते सगळ्या रांगेला विचारत राहिले. मागं यंत्रमागांचा आवाज, माझ्या चुलतभावाच्या कारखान्यात रेकॉर्ड केलेला. दोन माग सांभाळणारा विणकर जसा फिरतो, कांडी बदलतो, धागा सांधतो, तशी ती रंगमंचभर फिरत होती. खरंच सुंदर होतं ते. तेवढ्यात चुलतभाऊ ताडकन उभा राहिला. "धागा तुटलाय! माग थांबवा!" त्याला आवाजातच कळतं.

मध्येच अंधारात मोबाइल उजळले. आमच्या भागात पाणी आलं होतं. रोज येत नसलेली गोष्ट आल्यावर कलेनं थोडं सरकून घ्यावं लागतं. सात-आठ बायका वाकून बाहेर पडल्या. उरलेल्यांनी अत्ताचा प्रवेश बघितला. अत्ता स्लो झाली नाही. भाचीलाच वेग वाढवावा लागला. मागच्या रांगेतल्या विडी कामगार बायका अत्ताच्या हातांकडं डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. "टोक नीट दुमडलं नाही," एक म्हणाली.

शेवटी बकरी. भाचीनं ती ठेवलीच होती. ती स्वतःच बकरी झाली, दोघं नर्तक तिला दोन्हीकडून ओढताहेत, आणि ते इतका वेळ चाललं की मला तिच्या गुडघ्यांची काळजी वाटली. मग दिवे लागले आणि प्रेक्षकांशी संवाद सुरू झाला. खादीचा झब्बा घातलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "बकरी म्हणजे हरवलेली मातृभूमी समजायची का?"

भाचीनं तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "भावाची होती ती."

"ताताची!" अत्ता रंगमंचावरून.

बाल्कनीतून एक म्हातारे गृहस्थ उठले. भिवंडीहून आले होते. ताताच्या त्याच भावाचे नातू. त्यांनी आधी सगळ्यांना नमस्कार केला. मग म्हणाले, "बकरी नव्हतीच. रेडकू होतं."

भाचीनं आपल्या गुडघ्यांकडं पाहिलं. अत्तानं तिच्या हातातला माइक ओढून घेतला.

"रेडकू कुठलं? बकरीच होती, पांढरी. या डोळ्यांनी बघितलीय मी!"

अत्ताचा जन्म सोलापुरातला.