आलेला एक प्रेक्षक कसा घालवावा

लाइव्ह स्ट्रीम सुरू करणाऱ्या नवख्याला जो तो सांगत सुटतो की प्रेक्षक वाढव. वाढले की मग त्यांची नावं लक्षात ठेवा, ठरल्या वेळी हजर राहा, विचारलं त्याचं उत्तर द्या. कुणी सांगितलीय नसती उठाठेव? त्यापेक्षा स्क्रीनच्या कोपऱ्यातला प्रेक्षकसंख्येचा 1 हा आकडा किती निवांत असतो! बहुतेक वेळा तो तुमच्याच दुसऱ्या टॅबचा असतो. तो रुसत नाही, की मध्येच उठून जात नाही. धोका एकच. कधीतरी त्या 1 चे 2 होतात. कुणीतरी अनोळखी वाट चुकून आत येतो. त्याची रवानगी कशी करायची, तेवढंच इथे पाहू.

मुळात तो येऊच नये यासाठी खेळ नीट निवडा. ट्विच या स्ट्रीमिंगच्या साइटवर एखाद्या खेळाच्या स्ट्रीमची यादी प्रेक्षकसंख्येच्या उतरत्या क्रमाने लावली की तुम्ही तळाशी असता. म्हणून सगळं जग खेळतंय तोच खेळ घ्या. तुमच्या डोक्यावर शेकडो चॅनेलं बसतील आणि तिथवर खाली यायला कुणाच्या बोटात त्राण उरणार नाही. ज्याची यादी दोन-तीन स्क्रीनमध्ये संपते असा मधल्या आकाराचा खेळ चुकूनही घेऊ नका, तिथे सापडण्याची भीती असते. शीर्षक ‘चला खेळूया’ एवढंच ठेवा. ‘पहिल्यांदाच खेळतोय, एकदाही न मरता तिसऱ्या बॉसपर्यंत’ असं काही लिहिलंत तर पुढे काय होतं ते बघायला माणूस थांबेल, आणि थांबलेला माणूस बोलायला लागतो. वेळ रोज बदलती ठेवा. सोमवारी रात्री नऊ, बुधवारी दुपारी चार, मग आठवडाभर गायब, आणि परतल्यावर पहिली वीस मिनिटं गायब का होतो याचं स्पष्टीकरण.

एक चोरवाटही बुजवायला हवी. नव्या चॅनेलकडे लोक स्ट्रीमच्या यादीतून क्वचितच येतात. ते येतात दुसरीकडे पाहिलेल्या छोट्या उभ्या व्हिडिओवरून. तीन तासांच्या स्ट्रीममधून तीस-चाळीस सेकंदांचा एक तुकडा कापायचा, 9:16 च्या चौकटीत वर चेहरा आणि खाली खेळ बसवायचा, आणि सुरुवात थेट घडामोडीपासून करायची, हे एवढंसं काम भल्याभल्यांचा 1 बिघडवतं. कापायचाच झाला तर पहिले आठ सेकंद ‘नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे’ला द्या. त्याहून पक्का उपाय म्हणजे ओबीएस या स्ट्रीम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग साध्या एमपी4 मध्ये करा. ऐन रंगात मशीन बंद पडलं की ती फाइल पुन्हा उघडतच नाही. एमकेव्ही या दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये तोवरचं सगळं शाबूत राहतं आणि नंतर ओबीएसच्याच फाइल मेनूतल्या रीमक्सने त्याचं एमपी4 करता येतं. म्हणूनच त्या वाटेला जाऊ नका.

एवढं करूनही तो आलाच, तर पंधरा मिनिटं ‘लवकरच सुरू होत आहे’ची पाटी आणि उलटी मोजणी दाखवा. तुमची वाट पाहणारं अजून कुणी नाही, हा मुद्दा गौण आहे.

आता चित्र. ट्विचवर 1080पी आणि सेकंदाला 60 फ्रेम्ससाठी 6000 केबीपीएस, म्हणजे 6 एमबीपीएस, हा बिटरेट (दर सेकंदाला पाठवायचा डेटा) सांगितला जातो, तोच लावा. तिथे नव्या चॅनेलला कमी दर्जाचे पर्याय दर वेळी मिळतीलच याची खात्री नसते, म्हणजे तुम्ही पाठवता तेच जसंच्या तसं समोरच्याच्या फोनवर जाऊन आदळतं. त्याचं नेट 4 एमबीपीएसचं असेल तर त्याला फक्त फिरणारं चक्र दिसतं. 720पी आणि 3000 ते 4500 ठेवलंत तर बिचाऱ्याला सगळं सुरळीत दिसेल आणि मग तो बसून राहील. यूट्यूब लहान दर्जाच्या आवृत्त्या स्वतःच बनवतं, त्यामुळे तिथे हा डाव चालत नाही. तिथे वायफायवर विसंबा. अपलोड 8 एमबीपीएस असताना 6000 ढकलायचे, राउटर दोन भिंतींपलीकडे ठेवायचा, आणि ओबीएसच्या तळाशी ड्रॉप झालेल्या फ्रेम्सचा आकडा चढू लागला की दोष ग्राफिक्स कार्डाला द्यायचा. ड्रॉप फ्रेम्स म्हणजे नेटचा घोळ. कार्डावर ताण आला की रेंडरिंग लॅग दिसतो आणि चित्र आवळून पाठवण्याजोगं करणारा एन्कोडर मागे पडला की एन्कोडिंग लॅग. तिन्ही आकडे ओबीएसच्या स्टॅट्स खिडकीत वेगवेगळे लिहिलेले असतात, म्हणून ती खिडकी बंद ठेवलेली बरी.

पण चित्राने माणूस हमखास जात नाही. धुरकट चित्र लोक तासभर सहन करतात. हमखास घालवतो तो आवाज, तेव्हा पैसे कॅमेऱ्यावर आणि रंगीत दिव्यांवर खर्च करा आणि मेहनत आवाज बिघडवण्यावर घ्या. माईक तोंडापासून 15-20 सेंटीमीटरवर, जरा तिरका ठेवला तर बोलणं स्वच्छ येतं. तो दोन फुटांवर, कीबोर्डच्या कुशीत ठेवा. मग दूरचं ऐकू यावं म्हणून गेन, म्हणजे माईकची संवेदनशीलता, वाढवा. आता पंखा, कळा आणि खोलीचा घुमारा, सगळे तुमच्याइतक्याच ठणठणीत आवाजात बोलतील. ओबीएसच्या मिक्सरमध्ये बोलण्याची पट्टी पिवळ्या भागात, म्हणजे -20 ते -9 डेसिबलच्या दरम्यान नाचावी आणि खेळाचा आवाज त्याच्या बराच खाली असावा, अशी रीत आहे. उलट करा. खेळ लाल, तुम्ही हिरवे.

गोंगाट फारच झाला तर ठरावीक पातळीखालचा आवाज कापून टाकणारं नॉइज गेट नावाचं फिल्टर लावा. ओबीएसमध्ये ते बंद व्हायची पातळी मुळात -32 डेसिबल आणि उघडायची -26 असते. दोन्ही वर -15 च्या आसपास ओढा आणि गेट मिटायला लागणारा वेळ, म्हणजे होल्ड आणि रिलीज, शून्याजवळ आणा. मराठीत याची गंमत औरच. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी आणि नकार त्याच्याही मागे, आणि तिथवर येईतो आवाज उतरलेला असतो. गेट नेमकं तेच शेपूट छाटतं. तुम्ही म्हणता ‘मी इथे हरलो नाही’, त्याला ऐकू येतं ‘मी इथे हरलो’. अर्ध्या तासात त्याला तुमच्याविषयी जे काही कळलेलं असतं ते सगळं उलटं असतं.

पार्श्वसंगीत अर्थातच गाजलेल्या गाण्यांचं. ट्विच नंतर रेकॉर्डिंगमधला तेवढा भाग मुका करू शकतं, आणि यूट्यूब तर हक्काचा दावा लागला की चालू स्ट्रीमच्या जागी एक स्थिर चित्र लावू शकतं. तुमच्या कष्टाशिवाय काम होतं.

आता त्याने चॅटमध्ये ‘हाय’ लिहिलंच तर? इथे विलंब कामाला येतो. तुमचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचायला लो लेटन्सी, म्हणजे कमी विलंबाचा मोड, असली तरी काही सेकंद लागतात, साधारण मोडमध्ये त्याहून जास्त. पुढे त्याला टाइप करायला वेळ. तेव्हा ‘कुठला रस्ता घेऊ, डावा की उजवा?’ असं विचारून बरोबर तीन सेकंद थांबा आणि म्हणा, ‘कुणी बोलतच नाही आज.’ त्याचं ‘डावा’ येईल तेव्हा तुम्ही उजवीकडे जाऊन मेलेले असाल. तो काहीच न लिहिता नुसता बघत बसला असेल तर यादीतून त्याचं नाव शोधून मोठ्याने पुकारा: ‘अरे, तुम्ही गप्प का? बोला की!’ भिडस्त माणूस पाचव्या सेकंदाला टॅब बंद करतो. एकट्याने बोलत राहायची, आपण आत्ता काय करतोय आणि का, हे सांगत राहायची सवय तर लावूनच घेऊ नका. दारात डोकावलेल्याला शांतताच दिसली पाहिजे.

मन फारच उदास झालं तर ‘तू मला फॉलो कर, मी तुला करतो’ या मंडळात सामील व्हा. दोनशे फॉलोअर होतील आणि स्ट्रीमला एकही येणार नाही, कारण त्यातले प्रत्येक जण त्या वेळी स्वतःच्या रिकाम्या स्ट्रीमवर बसलेले असतात. ट्विचच्या अफिलिएट या कमाईच्या पायरीला एका वेळच्या प्रेक्षकांची सरासरी 3 लागते. ती फॉलोअर जमवून भरत नाही. विकतचे बॉट, म्हणजे प्रोग्रॅमने बनवलेले खोटे प्रेक्षक घेतलेत तर आकडा चाळीस आणि चॅट स्मशान, असा देखावा उभा राहतो. नियमांत बसत नाही, चॅनेलही जाऊ शकतं. फसतं मात्र कुणीच नाही.

शेवटचं म्हणजे, चॅटची खिडकी खेळाच्या मागे दडवून ठेवा आणि माईकच्या चित्रावर लाल फुली आहे की नाही हे सुरुवातीला बघू नका. दोन तास मन लावून खेळा. आज डावपेचही छान समजावून सांगा, विनोद करा, कधी नव्हे ते शेवटच्या बॉसला हरवा. मग चॅट उघडा. बाराव्या मिनिटाला कुणीतरी लिहिलेलं असेल, ‘दादा, माईक म्यूट आहे.’ चौदाव्या मिनिटाला पुन्हा, ‘आवाज येत नाहीये.’ विसाव्या मिनिटाला, ‘हॅलो?’ त्याच्या खाली काही नाही.