रोममधली एक रात्र ओर्व्हिएतोला द्या

इटलीच्या टूरचं गणित ठरलेलं: रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस आणि वाटेत पिसाच्या मनोऱ्याला टेकू दिल्याचा फोटो. माझं मत विचाराल तर रोमच्या चार रात्रींतली एक काढून ओर्व्हिएतो या कड्यावरच्या जुन्या गावाला द्यावी. रात्रच द्यावी, दिवस नव्हे. दिवसाची गर्दी संध्याकाळच्या गाड्यांनी परत जाते आणि मगच गाव आपल्या हाती लागतं.

रोमा तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनहून साधी रेजिओनाले (प्रादेशिक) गाडी धरा, सव्वा ते दीड तास. हिचं भाडं ठरलेलं असतं, त्यामुळे महिनाभर आधी बुकिंग करून काही वाचत नाही. कागदी तिकिटावर मात्र गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या; मोबाइलवरचं असेल तर चेक-इन करा. हे विसरलात तर तिकीट खिशात असूनही दंड बसतो, आणि टीसी ऐकून घेत नाही.

स्टेशन खाली, गाव वर ज्वालामुखीच्या मऊ दगडाच्या कड्यावर. स्टेशनसमोरच फनिक्युलर, म्हणजे चढावर दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे, आहे. मोठ्या बॅगा शक्यतो रोमलाच ठेवा, वरच्या फरसबंदीवर चाकांचे हाल होतात.

कॅथेड्रलपाशी दुपार कलल्यावर जा. दर्शनी भाग पश्चिमेला आहे. तेव्हाच मोझेइकचं सोनं पेटतं. पण लोक वर बघत राहतात आणि खालचं निसटतं. दारांच्या बाजूच्या खांबांवर, जवळजवळ हाताच्या अंतरावर, संगमरवरात कोरलेलं बायबल आहे: झोपलेल्या आदमच्या कुशीतून बरगडी काढली जातेय, आणि अगदी उजवीकडच्या खांबावर नरकात एकमेकांत गुंतलेली माणसं. आत सिन्योरेल्ली या चित्रकाराची भित्तिचित्रं (1499 ते 1504) आहेत. खांदे झाकलेले असू द्या.

जेवणाचं. दुपारी बरीच दुकानं बंद होतात, अडीचनंतर स्वयंपाकघरंही. रात्रीचं साडेसातशिवाय विसरा. ब्रेड अळणीच असतो, बिघडलेला नाही. शाकाहारी मंडळींनी उंब्रिकेल्ली हा जाड, हाताने वळलेला पास्ता अराब्बियाता या टोमॅटोच्या तिखट सॉसमध्ये मागवावा. तसाच लालभडक दिसणाऱ्या अमात्रिचानात डुकराचं मांस असतं, तिथे हमखास फसगत होते. पार्मेजानो चीजमध्ये वासराचं रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं, दूध साकळवणारं विरजण) असतं. चालत नसेल तर वरून घालू नका म्हणून आधीच सांगा.

सेंट पॅट्रिकची विहीर परतीच्या सकाळसाठी ठेवा, फनिक्युलरच्या वरच्या टोकाशीच आहे. 1527 मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा सातवा क्लेमेंट पोप इथे आश्रयाला आला. वेढा पडला तर पाणी हवं म्हणून त्याने वास्तुकार सांगाल्लोकडून ही खोदायला घेतली. पुरी झाली 1537 मध्ये, पोपच्या मृत्यूनंतर. 248 पायऱ्या उतरायच्या, तेवढ्याच चढायच्या. गुडघे कुरकुरत असतील तर वरूनच डोकवा. उतरायचा जिना वेगळा, चढायचा वेगळा, एकमेकांभोवती गुंडाळलेले, म्हणजे पाण्याची खेचरं समोरासमोर येऊन अडायची नाहीत. उतरताना खिडकीतून पलीकडच्या खिडकीत वर चढणारी माणसं दिसत राहतात, पण जिन्यात एकही भेटत नाही.