नागोयात फोर बाय हंड्रेडचं पदक? मला तरी शक्य वाटतं

यंदा १९ सप्टेंबरपासून जपानमध्ये आइची-नागोयाला आशियाई स्पर्धा सुरू होतायत. भालाफेक, नेमबाजी, तिरंदाजी, कबड्डी यांवर भरपूर लिहिलं जाईल आणि जावंच. मला मात्र आज अशा एका संघाबद्दल लिहायचंय, ज्याला पदकाच्या हिशेबात कुणी धरतच नाही. आपला पुरुषांचा चार गुणिले शंभर मीटर रिले संघ. या संघाला नागोयात पदक मिळू शकतं असं मला मनापासून वाटतं, आणि ते निसटलं तर पायांमुळे निसटणार नाही, बॅटनमुळे, म्हणजे एका धावपटूने पुढच्याच्या हाती द्यायच्या दांडीमुळे निसटेल, असंही वाटतं.

आधी घड्याळ बघू. गेल्या तीन आशियाई स्पर्धांत या शर्यतीचं ब्राँझ किती वेळात मिळालं? २०१४ ला इंचॉनमध्ये हाँगकाँगला ३८.९८ सेकंदांत. २०१८ ला जकार्तात चीनला ३८.८९ मध्ये. हांगझोऊला दक्षिण कोरियाला ३८.७४ मध्ये. आता आपलं बघा. ३० एप्रिल २०२५ ला चंडीगडला गुरिंदरवीर सिंग, अनिमेष कुजूर, मणिकंठ होबळीधर आणि अमलान बोरगोहाईन या चौघांनी ३८.६९ चा राष्ट्रीय विक्रम केला. म्हणजे या तिन्ही ब्राँझपेक्षा वेगवान! हांगझोऊच्या कोरियापेक्षा पाच शतांश सेकंद पुढे, जमिनीवर मोजलं तर अर्धा मीटर.

जुना विक्रम ३८.८९ चा होता. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत रहमतुल्ला मोल्ला, सुरेश सत्या, शमीर मोन आणि अब्दुल नजीब कुरेशी यांनी तो केला आणि ब्राँझ जिंकलं. त्यानंतर जवळपास पंधरा वर्षं तो आकडा जागचा हलला नाही. एक पिढी आली आणि निवृत्त झाली, तरी नाही.

मग आता काय बदललं? या चौघांची नावं पुन्हा एकदा वाचा. अमलानने २०२२ मध्ये शंभर मीटरचा राष्ट्रीय विक्रम १०.२५ वर आणला. २०२३ मध्ये मणिकंठने १०.२३ केला. मार्च २०२५ मध्ये गुरिंदरवीरने बंगळुरूला १०.२०. त्याच वर्षी जुलैमध्ये अनिमेषने ग्रीसमध्ये १०.१८. तीन वर्षांत विक्रम चौघांच्या हातून फिरला आणि तेच चौघं एका रिलेत धावले. भारतीय स्प्रिंटमध्ये असं कधी घडल्याचं मला तरी आठवत नाही. एरवी आपल्याकडे एखादाच धावपटू चमकतो आणि बाकीचे तिघं त्याच्या मागे कसेबसे पळतात.

अनिमेषबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण तो शंभरपेक्षा दोनशेचा मोठा धावपटू आहे. मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियात गुमीला झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याने दोनशे मीटर २०.३२ मध्ये धावून ब्राँझ घेतलं. रौप्य एका शतांश सेकंदाने हुकलं. दोनशेवाल्याला वळणावरून पूर्ण वेगात पळायची सवय असते, आणि रिलेत पहिला आणि तिसरा टप्पा वळणावरच असतो. असा माणूस संघात असणं ही चैन आपल्याला फारशी कधी मिळालेली नाही.

पण समोर कोण आहे तेही बघायला हवं. जपान घरच्या मैदानावर धावणार आणि त्यांचा राष्ट्रीय विक्रम ३७.४३ आहे. चीन हांगझोऊचा विजेता आहे. हे दोघं सरळ धावले तर पहिल्या दोन जागा त्यांच्या, यावर मी वाद घालणार नाही. खरी चुरस तिसऱ्या जागेची. थायलंडकडे पुरिपोल बूनसन आहे, ज्याने डिसेंबरमध्ये बँकॉकला ९.९४ सेकंदांत शंभर मीटर पार केलं. आणि मग कोरिया, ज्यांचा मला सगळ्यात जास्त अभ्यास करावासा वाटतो.

कोरियात आजवर कुणीही शंभर मीटर दहा सेकंदांच्या आत धावलेलं नाही. तरीही मे २०२५ मध्ये त्यांनी ग्वांगझूच्या वर्ल्ड रिलेजमध्ये आपला राष्ट्रीय विक्रम मोडला, महिनाअखेरीस गुमीला ३८.४९ मध्ये आशियाई सुवर्ण घेतलं आणि जुलैत जर्मनीत जागतिक विद्यापीठ स्पर्धेत ३८.५० मध्ये पुन्हा सुवर्ण. वेग अचानक कुठून आला? आला नाहीच. ते एकत्र धावत राहिले, एवढंच.

थोडं गणित करू. आपल्या चौघांच्या शंभर मीटरच्या सर्वोत्तम वेळा मिळवल्या तर ४०.८६ होतात. रिलेत ते ३८.६९ धावले, म्हणजे २.१७ सेकंद वाचले. हे वाचतात कारण पहिला सोडून बाकी तिघं पळत-पळत बॅटन घेतात, थांबलेल्या जागेवरून सुरुवात करत नाहीत. आता जपानचं उदाहरण घ्या. २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये त्यांनी ३७.६० मध्ये रौप्य जिंकलं तेव्हा यामागाता, इइझुका, किर्यू आणि केंब्रिज यांपैकी एकही जण दहा सेकंदांच्या आत धावलेला नव्हता. म्हणजे चौघांची बेरीज चाळीसच्या वरच. त्यांनी बॅटनमध्ये कमीत कमी २.४० सेकंद वाचवले.

आपणही २.४० वाचवले तर? ३८.४६. कोरियाच्या गुमीतल्या सुवर्णापेक्षा थोडं पुढे. त्यासाठी कुणालाही शंभर मीटरमध्ये एक शतांशसुद्धा सुधारायची गरज नाही.

जपानी हे कसं करतात? त्यांची पद्धत अंडरहँडची. देणारा बॅटन खालून वर घेणाऱ्याच्या हातात सरकवतो, त्यामुळे घेणाऱ्याला हात मागे उंच धरावा लागत नाही आणि त्याची धाव मोडत नाही. पद्धत खालची असो की वरची, खरा प्रश्न ट्रॅकवरच्या त्या खुणेचा आहे. येणाऱ्याचा पाय खुणेवर पडला की जाणाऱ्याने मागे न बघता सुटायचं. खूण अर्धं पाऊल लांब ठेवली तर येणारा गाठू शकत नाही, जवळ ठेवली तर दोघं एकमेकांवर आदळतात. हस्तांतराची पट्टी तीस मीटरची आणि दोघांचा वेग सेकंदाला दहा मीटरच्या आसपास. तिथे विश्वास लागतो आणि तो सरावानेच येतो. टोकियो ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत खुद्द जपानचं पहिलंच हस्तांतर चुकलं, तादाकडून यामागाताला बॅटन पोचलीच नाही आणि घरच्या ऑलिम्पिकमधली शर्यत तिथेच संपली. जगात बॅटनमध्ये ज्यांचा हात धरणारं कुणी नाही, त्यांचं असं होतं. आपण तर शर्यतीच्या आठवडाभर आधी संघ जमवतो.

आपल्याकडे गोविंदा पथकं गुरुपौर्णिमेपासून थरांचा सराव सुरू करतात. खालच्याच्या खांद्यावर वरच्याचा पाय नेमका कुठे पडणार हे दोघांच्या अंगात भिनावं लागतं. राष्ट्रीय रिले संघाला एवढा वेळ मिळू नये, याचा मला राग येतो.

आणि हे आपल्याला जमत नाही असं नाही. फोर बाय फोर हंड्रेडमध्ये आपण नेमकं हेच केलं. एकत्र शिबिर, ठरलेला गट, एकत्र परदेश दौरे. २००२ ते २०१८ या काळात महिलांनी सलग पाच आशियाई सुवर्णं जिंकली. पुरुषांनी बुडापेस्टला २०२३ च्या जागतिक स्पर्धेत २:५९.०५ चा आशियाई विक्रम केला आणि पाठोपाठ हांगझोऊला सुवर्ण. चारशेच्या रिलेला जे मिळालं ते शंभरच्या रिलेला का नाही? कारण आम्हीच ठरवून टाकलंय की भारतीय शरीर स्प्रिंटसाठी नाही. हे वाक्य मी शाळेपासून ऐकतोय आणि मला ते कधीच पटलेलं नाही.

१९५१ च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत मुंबईच्या लेव्ही पिंटोने शंभर आणि दोनशे, दोन्ही सुवर्णं जिंकली आणि रिलेचं रौप्यही मिळवलं. १९५४ ला मनिलाला महिलांच्या चार गुणिले शंभरचं सुवर्ण आपलं होतं. त्या चौघी म्हणजे ख्रिस्टीन ब्राउन, व्हायोलेट पीटर्स, वांद्र्याची मेरी डिसूझा आणि पुण्याची स्टेफी डिसूझा. मेरी आणि स्टेफी हॉकीही खेळायच्या, दोन्ही खेळांत देशासाठी. आज वांद्र्यात किती जणांना मेरीचं नाव ठाऊक असेल?

चंडीगडचा विक्रम झाला तो का, हेही समजून घ्यायला हवं. ते चौघंही रिलायन्स फाउंडेशनशी जोडलेले. गुरिंदरवीर मुंबईत जेम्स हिलियरकडे सराव करतो, अनिमेष भुवनेश्वरला मार्टिन ओवेन्सकडे. गावं दोन, पण छत्री एक. मला भीती वाटते ती निवड चाचणीनंतरच्या गोंधळाची. शंभर मीटरच्या एका शर्यतीत पहिले चार आले ते उचलले आणि संघ म्हणून पाठवले, असं करू नका. जो शंभरमध्ये तिसरा आला पण बॅटन झेलताना डगमगतो, त्याच्यापेक्षा पाचवा आलेला आणि हात पक्का असलेला धावपटू रिलेत जास्त कामाचा.

राखीव फळीही आता आहे. जर्मनीतल्या विद्यापीठ स्पर्धेत अनिमेष आणि मणिकंठबरोबर लालू प्रसाद भोई आणि मृत्यम जयराम दोंडापती धावले, आणि त्यांनी ३८.८९ मध्ये ब्राँझ आणलं. ज्या वेळेला पंधरा वर्षं कुणी हात लावू शकलं नव्हतं, तिची बरोबरी दोन राखीव गडी घेऊन झाली. शिवाय कोचीच्या फेडरेशन कपमध्ये शंभर मीटर जिंकणारा आपल्या महाराष्ट्राचा प्रणव गुरव आहे. सात-आठ जणांचा गट आत्ता नक्की करा, दर महिन्याला दहा-बारा दिवस एका मैदानावर आणा आणि निदान चार-पाच शर्यती परदेशात खेळवा. मे महिन्यात बोत्स्वानात गाबोरोनला वर्ल्ड रिलेज आहेत. तिथे जागा मिळाली तर उत्तम, नाही तर आशियातच थायलंड आणि कोरियाच्या संघांबरोबर धावायची सोय करा. ज्यांच्याशी सप्टेंबरमध्ये लढायचंय, त्यांच्या शेजारच्या लेनमध्ये आधी धावलेलं बरं.

माझा क्रम असा: सुरुवातीला गुरिंदरवीर, दुसऱ्या सरळ टप्प्यावर मणिकंठ, तिसऱ्या वळणावर अनिमेष आणि शेवटी अमलान. अनिमेषला शेवटी ठेवा असं म्हणणारे बरेच भेटतील, पण मी त्याला वळणावरून हलवणार नाही. ॲथलेटिक्स शिकवणारे किंवा स्वतः धावणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांनी आपला क्रम खाली लिहावा, कारणासकट.