हस्तलिखित दिलं म्हणजे मी रिकामी झाले, असं कुणी सांगितलं?

सकाळी एका नातेवाइकांचा फोन आला. कादंबरी प्रकाशकाकडे गेल्याचं त्यांना कुठून तरी कळलं होतं. तोंडभरून अभिनंदन केलं, बरं वाटलं. मग म्हणाले, "आता काय चाललंय?" म्हटलं, वाचतेय. "वा! म्हणजे सध्या रिकामीच आहेस!" फोन ठेवला नाही तोच व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. त्यांच्या जुन्या साहेबांचं आत्मचरित्र. "वाचतेच आहेस तर हेही बघून दे, शुद्धलेखनासकट."

दुपारपर्यंत गप्प बसले. आता लिहितेच.

माझी आत्या चाळीत राहायची आणि घरी ब्लाउज शिवायची. कोपऱ्यावरच्या खासगी लायब्ररीतून बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणायची. शिलाई मशीनच्या फळीवर एका बाजूला बॉबिन, खडू, कात्री आणि दुसऱ्या बाजूला झुंजार किंवा काळा पहाड. शेजारणी माप द्यायला यायच्या आणि म्हणायच्या, "वहिनी, बरा वेळ मिळतो हो तुम्हाला!" आत्या मान वर करायची नाही. "पान संपू दे, मग माप घेते." बस. ना चिडायची, ना ओशाळायची.

मला सकाळी हे वाक्य सुचलं नाही, याचा राग अजून जात नाहीये.

कादंबरी संपवणं म्हणजे काय असतं, हे या लोकांना कसं सांगायचं? पहाटे उठायचं, घर जागं व्हायच्या आत जेवढं होईल तेवढं लिहायचं, मग कुकर, डबे, नोकरी. यात मी काही जगावेगळं करत नाही. श्री. ना. पेंडसे बेस्टमधली नोकरी सांभाळून कादंबऱ्या लिहीत होते. मराठी कादंबरी बरीचशी अशीच, दुसऱ्या कामातून उरलेल्या तासांत लिहिली गेलीय. शेवटचे महिने तर विचारू नका. चौथ्या प्रकरणात वारलेला काका एकोणिसाव्यात चहा पिताना सापडतो. युनिकोडमधला मजकूर छपाईच्या मांडणीसाठी श्रीलिपी फाँटमध्ये गेला की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, 'ऱ्या' फुटतो, आणि प्रुफं डोळ्यांत तेल घालून पुन्हा पहिल्यापासून. मिळतं काय, तेही सांगते. पूर्वी पहिली आवृत्ती अकराशेची निघायची, आता पाचशे प्रती काढतानाही प्रकाशक विचार करतो. चारशे रुपयांच्या पुस्तकावर दहा टक्के धरले तर पाचशेच्या पाचशे प्रती खपल्यावर वीस हजार. काही वर्षांच्या कामाचे.

पण पैशांचं दुःख मी कधीच मागे टाकलंय. खरं नुकसान वेगळं असतं. त्या शेवटच्या महिन्यांत मला मजेनं वाचताच येत नाही. कुणाचंही पुस्तक उघडलं की मन पेन्सिल घेऊन बसतं. हे विशेषण कशाला, हा संवाद लांबला, इथे परिच्छेद तुटायला हवा होता. चांगल्यातलं चांगलं पुस्तक हातात असतं आणि आत काही शिरत नाही. हस्तलिखित गेल्यावरही काही दिवस तसंच चालतं. मग एका रात्री अचानक लक्षात येतं की एक वाजून गेलाय, खुनी कोण हे अजून कळलेलं नाही, आणि एकाही वाक्याची चूक आपण काढलेली नाही. परवा ते झालं. किती दिवसांनी झालं! मी अक्षरशः उठून बसले आनंदानं. आणि यांना ते रिकामपण वाटतं.

आत्या रात्री आम्हा पोरांना दिवसा वाचलेली गोष्ट सांगायची आणि बरोबर नको तिथे थांबायची. "उद्या." आम्ही पाय आपटायचो. प्रकरण कुठे तोडायचं हे मी तिथे शिकले, कुठल्याही कार्यशाळेत नाही. पण थांबा, हा माझा मुद्दाच नाही. मी त्यातून काही शिकले नसते तरी आत्याचं वाचन वाया गेलं नसतं. तिला मजा यायची. दिवसभर दुसऱ्यांच्या बाह्या जोडणाऱ्या बाईला तेवढं पुरे होतं, आणि त्यासाठी तिनं कुणाला कारण दिलं नाही.

नातेवाइकांवर मी एवढी का चिडलेय? आमच्याच क्षेत्रातले लोक काय वेगळे आहेत? प्रस्तावनेसाठी वाचतात, परीक्षक म्हणून वाचतात, प्रकाशन समारंभात बोलायचंय म्हणून वाटेत गाडीत चाळतात. वर व्यासपीठावरून अभिमानानं सांगतात, "मी हल्ली इतरांचं वाचत नाही, प्रभाव पडतो." आणि टाळ्या पडतात! हे ऐकलं की मला उठून जावंसं वाटतं. ज्याला दुसऱ्याची कादंबरी वाचायचा कंटाळा येतो, त्याची कादंबरी आम्ही का वाचायची?

ठीक आहे, मसुदा चालू असताना दुसऱ्याची भाषा जिभेवर बसते, हे मलाही नाकारता येत नाही. आणि बदलापूरहून उभ्यानं सीएसएमटी गाठणाऱ्या बाईला "वेळ काढ" असं मी सांगणार नाही. पण व्यासपीठावर बसलेल्यांना सांगेन.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या नातेवाइकांनी मुद्दाम दुखवलेलं नाही, हे मला कळतं. साहेबांवर त्यांचं प्रेम आहे, पुस्तक नीट व्हावं एवढीच इच्छा. त्यांना आत्ताच कळवलंय की हे काम मुद्रितशोधकाचं आहे, त्याचे पैसे द्यावे लागतात आणि ते द्यावेत. एका चांगल्या मुद्रितशोधकाशी गाठ घालून देईन. मी स्वतः करणार नाही, कारण मी वाचतेय.

तुम्ही सध्या निव्वळ मजेसाठी काय वाचताय ते खाली लिहा. पुरस्कारांच्या याद्या नकोत. मला पुढच्या आठवड्यासाठी पुस्तकं हवीत, आणि ग्रंथसंग्रहालयातून एका वेळी मोजकीच मिळतात.