ओलाव्याची शिडी नसते

'ओलाव्याची शिडी' नावाचा मेसेज याआधी तीनदा माझ्याकडे येऊन गेला आणि तिन्ही वेळा मी तो न बोलता पुसला. चौथ्यांदा तो भाचीकडून आला. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करते आहे. खाली तिचा प्रश्न होता, 'मावशी, एवढं पाठ केलं की झालं ना?' आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेज म्हणतो: इंग्रजीत डॅम्प म्हणजे 10 टक्के ओलं, मॉइस्ट 20, ह्युमिड 40, वेट 60, क्लॅमी 80, सोक्ड 100. टक्के बघा, शब्द उचला. पुढे आणखी तीन शोध आहेत: मॉइस्ट हा अश्लील शब्द आहे, त्याऐवजी डॅम्प म्हणा, डॅम्प हा शब्द धरणाच्या 'डॅम'वरून आला, आणि मराठीत या सगळ्याला 'ओला' एवढा एकच शब्द आहे.

सगळ्यात संताप येतो तो क्लॅमीच्या 80 टक्क्यांचा. क्लॅमी त्वचेवर पाणी असतंच किती? घामाचा पातळ थर. शब्द सांगतो ते वेगळंच: स्पर्श गार आहे, चिकट आहे, नकोसा आहे. माणूस शॉकमध्ये, म्हणजे शरीराला रक्तपुरवठा अपुरा पडण्याच्या अवस्थेत, जाताना त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हात गार पडतात, आणि त्याच वेळी घाम फुटतो. रक्तातली साखर एकदम उतरली तरी असं होतं, हृदयविकाराच्या झटक्यातही होऊ शकतं. उद्या ही मुलगी रुग्णाच्या नोंदीत, घाम थोडाच आहे म्हणून, 'त्वचा डॅम्प' लिहील. वाचणाऱ्याला वाटेल नुकतं अंग पुसलंय. धोक्याची खूण कागदावर येताना साधा ओलसरपणा होऊन बसेल. शब्दांचा अर्थ टक्क्यांत कोंबला की हे असं होतं.

टक्के लागू पडतात ते एकट्या ह्युमिडला, कारण हवेची सापेक्ष आर्द्रता खरोखरच टक्क्यांत मोजतात. पण ते टक्केही पाण्याचे नव्हेत, त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावेल तेवढ्या बाष्पाचे आहेत. 30 अंश सेल्सियसला 100 टक्के आर्द्रता म्हणजे एक घनमीटर हवेत जेमतेम 30 ग्रॅम बाष्प. आणि ह्युमिड हवा असते, हवामान असतं. टॉवेल ह्युमिड नसतो. वेटचे 60 टक्के तर कुठून आणले देव जाणे. तेलरंगात पाण्याचा थेंब नसला तरी तो वाळेपर्यंत वेटच.

मॉइस्टबद्दल अर्धं खरं आहे, ते मान्य करते. इंग्रजी बोलणाऱ्या काही लोकांना हा शब्द ऐकवत नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे लोक सुमारे 10 ते 20 टक्के निघाले. पण किळस येणं वेगळं आणि अश्लील असणं वेगळं. आणि नर्सने हा शब्द टाळायचा कसा? संशोधक जॉर्ज विंटर यांनी 1962 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात डुकरांवरचे प्रयोग मांडले. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी त्वचा उघड्या, खपली धरलेल्या जखमांपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने आली. जखमेवरच्या आजच्या ड्रेसिंगचा मोठा भाग या कल्पनेवर उभा आहे आणि त्या अवस्थेचं नावच मॉइस्ट. वेट नाही, कारण फार पाणी साचलं तर कडेची कातडी पांढरी पडून फुगते. डॅम्पही नाही, कारण डॅम्पमध्ये बहुतेकदा नको असलेला ओलावा असतो: भिंतीत मुरलेला, कपड्यांत राहून गेलेला. जखमेला, मातीला, केकला हवा असतो तो ओलावा मॉइस्ट.

धरणाची व्युत्पत्ती निव्वळ थाप आहे. डॅम्पचा जुना अर्थ वाफ, वायू. जर्मनमध्ये वाफेला आजही 'डाम्फ' म्हणतात. कोळशाच्या खाणीतल्या ज्या स्फोटक वायूसाठी रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी 1815 साली सुरक्षित दिवा बनवला, त्याचं नाव फायरडॅम्प. त्यात ओलं काही नाही.

आणि मराठीत एकच शब्द? दमट, ओलसर, ओलाचिंब, ओलागच्च, सर्द, कुबट, निथळता, पाणथळ. काडेपेटी सादळते, तिला आपण ओली म्हणत नाही. ज्याने हा मेसेज लिहिला त्याच्या कानावर हे शब्द रोज पडत असणार.

भाचीला मी यादी पुसायला लावली. म्हटलं, रुग्णाचा हात हातात घेतल्यावर काय वाटलं ते आधी मराठीत लिही. तिने लिहिलं, 'हात गार, घामाने चिकट, धरवत नाही.' मग शब्दकोश उघडला आणि क्लॅमीवर तिने स्वतःच बोट ठेवलं.